पडत्या घराचे दप्तर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या गृहस्थांचा जन्मभराचा व्यासंग जुने कागद मिळविण्याचा, ते वाचण्याचा आणि वाळवीच्या तोंडून सोडविण्याचा होता, हे आपण जाणताच; आणि म्हणून, ज्या वस्तूंचा कागदाशी क्वचितच संबंध आला अशा वस्तूंविषयी बोलण्यास मी त्यांच्याच नावाच्या व्यासपीठावर उभे राहावे, यात कोणास औद्धत्याचा वास आला तर ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. विषय तसा मर्यादित आहे. आपल्या खेड्यापाड्यांतील लोहारशाळा, सुतारमेट, तेल्याच्या घाण्याची खोली, गुऱ्हाळघर, मागाचे घर, गोठा, पेव आणि खळे या शेतीच्या व कारागिरीच्या इमारती पाडल्या जाण्यापूर्वी त्यांची यथातथ्य नोंद करून ठेवावी की नाही, आणि ठेवावयाची तर कोणी व कशी, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. त्या पाडू नयेत, असे सांगण्यास मी आलेलो नाही. घर ज्याचे आहे, त्यात राहण्याची अडचण ज्याला सोसावी लागते, त्याने ते पाडावे की ठेवावे हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे; पाडण्याचा निश्चय आणि पहिली पहार यांच्या दरम्यान दोन दिवस मोजणीसाठी मिळावेत, इतकीच माझी मागणी आहे.

महाराष्ट्राला इतिहासाचे वेड फार जुने आहे आणि ते वेड मुख्यतः कागदाचे आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, पुढे तिचे बावीस खंड झाले, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन होऊन गावोगावच्या माळ्यांवरचे रुमाल उलगडण्याचे कार्य एका पिढीने व्रतासारखे चालविले. त्या उद्योगाविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना नाही. तथापि कागद ज्यांच्या घरी राहिला ते लोक कोण होते, हा प्रश्न एकदा तरी विचारला पाहिजे. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार, सावकार, देवस्थानाचे पुजारी यांच्या घरी कागद होता, कारण त्यांच्या हक्काचा आधारच सनद, महजर आणि वतनपत्र हा होता. लोहाराच्या घरी ऐरण होती. सरकारदरबारी त्याचे अस्तित्व एका रकान्यापुरते. मोहतर्फ्याच्या हिशेबात गावातील माग किती, घाणे किती, दुकाने किती हे लिहिलेले सापडते, कारण त्यावर कर बसवावयाचा असे, पण तो माग कोणत्या अंगाच्या खोलीत होता, त्याला उजेड कोठून मिळत असे, घाण्याच्या बैलाला फिरण्यास किती हात जागा लागत असे, याची जमाबंदीला गरज नव्हती आणि म्हणून ती माहिती कोठे उतरली नाही. यातील एक विपर्यास तर असा की, पेशवाईचे बरेचसे दप्तर ज्या जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर लिहिले गेले, तो कागद करणाऱ्या कागद्यांच्या कारखान्यांविषयी, त्यांच्या लगद्याच्या हौदांविषयी आणि कागद वाळविण्याच्या भिंतींविषयी त्या अफाट दप्तराचा आधार घेऊन एक साधा नकाशा काढू म्हटले तरी काढता येणार नाही. नावे मात्र टिकली: दौलताबादेजवळ कागदीपुरा नावाचे गाव अजून आहे, पुण्यातही कागदीपुरा नावाची वस्ती आहे.

ज्यांनी लिहिले नाही त्यांचा इतिहास त्यांच्या जमिनीवरून आणि भिंतींवरून वाचता येतो, हे आपल्याच प्रांतातील पुरातत्त्वज्ञांनी निर्विवाद सिद्ध केले आहे. घोड नदीच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृती संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची एक वसाहत उजेडात आणली. तेथे लेख नाही, नाणे नाही, राजाचे नाव नाही; आहेत त्या मातीच्या भुई, खांबांच्या खळग्या, चुली, धान्याची पेवे आणि कुंभाराची भट्टी. एवढ्या सामग्रीवरून त्यांनी दाखवून दिले की वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते, त्याच्या लगत धान्याचे कोठार होते, आणि कुंभार, चुना भाजणारा, सोनार यांसारखे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत असत. कोठाराशेजारचे ते मोठे घर वस्तीच्या मुख्याचे असावे हा त्यांचा तर्क घराच्या नुसत्या आकारावर आणि स्थानावर उभा आहे. याहून विलक्षण गोष्ट पुढची आहे. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, आणि पाऊसपाणी कमी होऊन ती वस्ती विपन्नावस्थेस गेल्याचे जे अनुमान संशोधकांनी केले, त्यात या बदललेल्या घरांची साक्ष महत्त्वाची आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराची भट्टी आपण ब्रशाने झाडतो, तिचा व्यास मोजतो, तिचे रेखाचित्र छापतो. आणि त्याच तालुक्यातील एखाद्या गावी काल-परवापर्यंत धूर निघत असलेला आवा सपाट करून त्यावर दुकानाचे गाळे चढतात तेव्हा त्याचा व्यास कोणी विचारीत नाही. पहिला आवा शास्त्राचा विषय आणि दुसरा राडारोडा, हा भेद केवळ काळाने केलेला आहे.

आता या इमारतींत मोजण्यासारखे असते तरी काय, असे कोणी विचारील. लोहारशाळा घ्या. चार खांब, वर पत्रा किंवा नळीची कौले, तीन बाजूंनी कूड, समोर मोकळे. पाहणाऱ्यास ते एक अंधारे, काजळलेले खोपट दिसते आणि स्थापत्याचा अभ्यासक तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करतो. पण तो अंधार दारिद्र्यामुळे आलेला नसून धंद्यासाठी राखलेला असतो. लोखंड कितपत तापले हे लोहार त्याच्या रंगावरून ओळखतो. तांबूस, नारिंगी, पिवळसर, पांढरट या छटांतील अंतरावर फाळाचे पाणी अवलंबून असते आणि भर उन्हात त्या छटा फसवितात. म्हणून भट्टी आतल्या अंगाला, ऐरण भट्टीपासून अशा अंतरावर की सांडशीत धरलेला तुकडा एका वळणात तिच्यावर यावा, घण मारणाऱ्यास तो मागे झोकण्यापुरती जागा, आणि भात्याची दोरी ओढणाऱ्यास भट्टीची झळ लागणार नाही पण तोंड दिसेल अशी बैठक. ही अंतरे कोणी लिहून ठेविली नव्हती. ती हातापायांनी ठरविलेली होती. बाहेरच्या अंगणात गाडीच्या चाकाला धाव बसवीत, तेव्हा गोवऱ्यांच्या कड्यात लोखंडी धाव तापवून, लालबुंद झाल्यावर चाकावर चढवून, तिच्यावर पाणी ओतून ती आवळवीत. त्या आगीने भाजलेले मातीचे वर्तुळ अंगण उकरले तर आजही सापडू शकते, आणि त्यावरून चाकाचे आकारमान, म्हणजे त्या मुलखात गाडी कोणत्या बेताची होती हे समजते. तुंबा, आरे आणि पुठ्ठे करणारा सुतार बहुधा शेजारीच असे. दोन मेटांमधले अंतर मोजणे हेही नोंदीचेच काम.

तेल्याच्या घाण्याच्या खोलीत भूमिती आणखी स्पष्ट असते. उखळ जमिनीत खोल पुरलेले, लाटेला जोडलेला बैल त्याच्याभोवती फिरणार, तेव्हा खोलीची लांबीरुंदी मालकाच्या ऐपतीवर नसून बैलाच्या फेऱ्यावर ठरते. चारी कोपरे बैलाला निरुपयोगी, म्हणून पेंड, तीळ, करडई आणि तेलाची भांडी कोपऱ्यांत. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाच्या कार्यकर्त्यांनी घाण्याच्या अंगोपांगांचा बारकाईने अभ्यास करून त्यात सुधारणा केल्या, ही मोठ्या कौतुकाची गोष्ट आहे. यंत्राला जसा शोधक मिळाला तसा त्या यंत्राभोवतीच्या घराला मात्र मिळाला नाही.

कोल्हापुराकडील गुऱ्हाळघर हा तर पाहण्यासारखा विषय. चरकातून रस येतो, तो काहिलीत पडतो, काहील चुलवाणावर बसविलेली, चुलवाणाचे तोंड खालच्या पातळीवर बाहेरच्या अंगाला, आणि त्या तोंडाशी चिपाडे सारणारा माणूस. वर काहिलीशी उभा असलेला गुळव्या आणि खाली जाळ घालणारा, या दोघांच्या कामाची सांगड पातळीतल्या अंतरामुळे नजरेपेक्षा हाळीवर अधिक चालते. भेंडीच्या रसाने मळी वर येते, ती काढून टाकतात, पाक चाचणीस आला की काहील उतरवून वाफ्यात ओततात; तेव्हा ती तापलेली काहील पेलणाऱ्या माणसांना पाय टाकण्यास मोकळी जागा लागते, आणि त्या एका क्षणासाठी इमारतीची एक बाजू कायमची रिकामी ठेवलेली असते. नकाशावर ती जागा रिकामी दिसेल. तिचा उपयोग न विचारता तिला नुसते ‘मोकळी जागा’ म्हणून लिहिणारा सर्वेक्षक सारे काही मोजून मुख्य गोष्ट विसरेल. किर्लोस्करांच्या लोखंडी चरकाने लाकडी घाणा हटविला, तेलाच्या इंजिनाने बैल हटविला, विजेने इंजिन हटविले, आणि प्रत्येक फेरबदलात गुऱ्हाळाची एखादी भिंत सरकली किंवा एखादे दार बुजले. १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गुळाच्या रव्यांची उलाढाल किती झाली याचे हिशेब व्यापाऱ्यांनी ठेविले. तो गूळ ज्या छपराखाली शिजला त्याचा आडवा छेद कोणी काढला नाही.

ज्या इमारतीला भिंतही नाही आणि छप्परही नाही, तिचे काय करावयाचे, हा प्रश्न सांगलीजवळच्या हरिपूरने विचारलेला आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गावी हळद साठविण्याची पेवे होती आणि काही अजून आहेत. वरून पाहावे तर एका माणसास उतरता येईल एवढे तोंड, ते शिळेने व मातीने बुजविलेले. खाली मात्र खोल, पोटाशी रुंद होत गेलेली पोकळी, तिला पाल्याचे आणि चटयांचे अस्तर. तेथील चिवट जमिनीत ओल शिरत नाही आणि हवा खेळत नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही व तिचा रंग खुलतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणारा माणूस गुदमरून मरतो, यास्तव तोंड काढून ते काही काळ तसेच ठेवावयाचे आणि मग जळता कंदील दोरीने खाली सोडून तो विझतो की जळत राहतो हे पाहावयाचे, ही तेथील रीत. २००५ च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे निकामी झाली. वखारी आणि शीतगृहे आल्यावर उरलेल्यांची गरजही ओसरली. आता हे पेव ‘पाडणे’ म्हणजे काय? एखाद्या सकाळी दोन ट्रॅक्टर मुरूम आत टाकला की संपले, आणि वर शेत नांगरले की तेथे काही होते याची खूणही राहत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंद आहेच. परंतु ज्या भूगोलाचे ते मानांकन, त्याचा एक अंश पृष्ठभागाखाली वीस-एक फुटांवर आहे आणि त्याचे मोजमाप झाल्याशिवाय ते मानांकन अर्धेच समजावे लागेल.

इमारती पूर्वीही पडत होत्या. मग आजच ही घाई का? कारण पाडण्याची रीत बदलली. पूर्वी घर उतरवीत असत. कौले एकेक काढून रचून ठेवावयाची, वासे सोडवावयाचे, आढे खाली घ्यावयाचे, तुळया आणि खांब जपून बाजूला करावयाचे, कारण सागवानाला किंमत होती व दारे-चौकटी दुसऱ्या घराला लागत. या उतरवण्याला आठवडे लागत आणि त्या आठवड्यांत गावातला एखादा जिज्ञासू शिक्षक सहज बरेच काही टिपू शकला असता. आज जेसीबी सकाळी येतो आणि दुपारपर्यंत जागा मोकळी होते. माती, दगड, लाकूड आणि लोखंड एकाच ढिगात. कोरीव खांब असलाच तर तो तेवढा अलगद निघून शहराजवळच्या एखाद्या उपाहारगृहाच्या दर्शनी भागात शोभेला उभा राहतो, आणि त्याला पाहून जेवणारांस जुन्या महाराष्ट्राचे दर्शन घडते असे म्हणतात.

या मुद्द्यावर एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो, आणि तो गंभीर आहे. बलुतेदारीच्या या जागा कोणत्या समाजव्यवस्थेच्या होत्या? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून तिचे जे चित्र रेखाटले ते काही सुखी कुटुंबाचे नव्हे. वतनाच्या नावाखाली वेठ चालत असे. महार वतनाच्या जाचातून आपल्या लोकांना सोडविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते, आणि कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. ज्या माणसाच्या आज्याने गावाच्या सीमेबाहेर कातडी कमावण्याच्या हौदात आयुष्य घालविले, त्या माणसाने तो हौद बुजवून त्यावर पक्के घर बांधले तर त्यात शोक करण्यासारखे काही नाही, आणि तेथे जाऊन परंपरा नष्ट झाली म्हणून हळहळणाऱ्या विद्वानाने आपली जागा ओळखावी. परंतु याच कारणास्तव तो हौद मोजला पाहिजे. गावठाणापासून तो किती अंतरावर होता, वाऱ्याच्या कोणत्या दिशेला होता, त्याला पाणी कोणत्या विहिरीचे मिळे आणि कोणत्या विहिरीचे मिळत नसे, पावसाळ्यात तेथे जाण्यास वाट होती की नव्हती, या गोष्टी अन्यायाचा पुरावा आहेत. आणि पुरावा नाहीसा झाला की पन्नास वर्षांनी कोणी साळसूदपणे म्हणेल की असे काही नव्हतेच. पाटलाच्या वाड्याची मोजणी झाली आणि ढोरवाड्याची झाली नाही, तर भावी इतिहासकाराच्या हाती जाणारे दप्तर पुन्हा एकतर्फीच असेल.

आपल्या देशी राजवाड्याचे भाग्य कारखान्याला लाभत नाही, हे खरे. कोथरूडचा मस्तानी महाल सोडवून आणून दिनकर केळकरांनी आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला, आणि कणेरीच्या सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदारांचे पुतळे त्यांच्या अवजारांसह पाहावयास मिळतात. दोन्ही उद्योग स्तुत्य. परदेशात स्टॉकहोम येथे १८९१ सालीच स्कान्सेनच्या मैदानावर शेतकऱ्यांची घरे आणि कारागिरांची मेटे मूळ जागेवरून उचलून आणून मांडली गेली. पण सगळेच उचलून आणता येत नाही. अमेरिकेत १९३३ साली, आर्थिक मंदीने वास्तुविशारद बेकार झाले असता, सरकारने त्यांना इमारतींची मोजणी व आलेखन करण्याचे काम दिले. त्यात प्रासाद होते तशी धान्याची कोठारे आणि गिरण्याही होत्या, आणि ती रेखाचित्रे तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्यात आली. त्यातील पुष्कळ इमारती पुढे पडल्या, कागद राहिले. मला अनुकरणीय वाटते ते हे दुसरे उदाहरण, कारण त्याला पैसा कमी आणि शिस्त जास्त लागते.

शिस्त कोणती, ते सांगतो. मोजपट्टी, दोरी, ओळंबा, पातळी पाहण्याची पाण्याची नळी आणि दोन माणसे एवढ्यावर लहानसे मेट एका दिवसात कागदावर उतरते. प्रत्येक खोलीचे कर्ण मोजावेत, कारण जुन्या खोल्या काटकोनात क्वचितच असतात आणि चारी भिंतींची लांबी बिनचूक असूनही नकाशा खोटा निघतो. आढ्यातून एक छेद अवश्य काढावा. मापे मीटरमध्ये लिहावीत, पण सुतार ज्या हाताने, वितीने किंवा खणांनी बोलतो ती मापेही शेजारी लिहावीत, कारण इमारत त्या मापांत विचार करून बांधलेली आहे. खांबाच्या माथ्यावरचे कुसू तुळईत कसे बसले आहे ते काढावे; आणि एखाद्या तुळईवर जेथे काहीच बसलेले नाही अशी रिकामी भोके आढळली तर ती विशेष जपून टिपावीत, कारण ते लाकूड याआधी दुसऱ्या कुठल्या घरात होते याची ती कबुली असते.

याहून महत्त्वाचे असे की, मोजणाऱ्याने पाडकामाच्या दिवशीही हजर राहावे. आपला समज असा की पाडण्याआधी नोंद झाली म्हणजे काम संपले. वस्तुतः भिंतीचे पोट, बुजवलेला कोनाडा, जोत्याखालची जुनी भुई, बळदाचे अस्तर या गोष्टी पहार लागल्याशिवाय दिसतच नाहीत, आणि गवंड्याने बाजूला टाकलेली माती ही त्या दिवसापुरती पुरातत्त्वाचीच माती असते. लोहारशाळेची भुई खरवडून तिच्यावर साधा लोहचुंबक फिरविला तर घणाच्या घावासरशी उडालेले लोहकिटाचे बारीक पापुद्रे त्याला चिकटतात. भुईवर हातभराचे चौरस आखून कोणत्या चौरसात ते किती निघाले हे मांडले की ऐरण उचलून नेलेली असली तरी ती कोठे होती हे कळते. इतके स्वस्त शास्त्र दुसरे नसेल.

छायाचित्रांविषयी दोन शब्द. हल्ली प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे आणि एका वाड्याची शेकडो छायाचित्रे एका संध्याकाळी निघतात. पण कोणते चित्र कोणत्या भिंतीचे, कोणत्या दिशेने, कोणत्या दिवशी घेतलेले, हे न लिहिलेले छायाचित्र दहा वर्षांनी निव्वळ करमणुकीचे राहते. आणि इमारतीपेक्षा आधी जाणारी वस्तू म्हणजे तीत काम केलेला माणूस. त्याला त्याच जागेवर उभे करून, येथे काय होत असे, येथे कोण बसे, गिऱ्हाईक कोठवर येत असे, बाई कोठवर येऊ शके, सुट्टीच्या दिवशी ऐरणीला हात लावीत होता की नाही, हे त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावे. त्याचे म्हणणे शुद्ध करून लिहिण्याचा मोह आवरावा. संपादकांना हा मोह विशेष होतो, हे मी आमच्या वर्गाविषयी जाणून बोलतो आहे.

आता सरकारचा भाग. १८३६ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीने जो प्रघात पडला, त्यात शेताचा तुकडा न् तुकडा साखळीखाली आला, पण काळीची मोजणी झाली तशी पांढरीची झाली नाही. गावठाणाला बाहेरून एक हद्द मिळाली आणि आतला सारा गुंता तसाच राहिला. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने हा गुंता सोडवून घरमालकांना मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. काम थोर आहे. परंतु ड्रोनला छप्पर दिसते. छपराखाली चुलवाण आहे की गव्हाण, हे त्याला दिसत नाही, आणि पेव तर अजिबातच दिसत नाही. इकडे घरकुलाच्या योजनेत लाभार्थ्याच्या जुन्या घराचे व जागेचे स्थळदर्शक छायाचित्र हप्ता मिळण्यापूर्वी घेतलेच पाहिजे असा दंडक आहे. म्हणजे पाडण्यापूर्वी नोंद करावी हे तत्त्व सरकारने स्वतःच्या हिशेबासाठी केव्हाच स्वीकारले आहे, फक्त त्याचा हेतू पैसा योग्य माणसास पोचला का, एवढाच आहे. ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या नोंदवहीत, म्हणजे आठ नंबरच्या नमुन्यात, घर दगडमातीचे की विटांचे हे करासाठी लिहिलेले असतेच. तेव्हा नवे खाते नको, नवा कायदा नको; जुने घर पाडण्याची वर्दी आली की त्या नोंदवहीला जोडून एक आलेख, आतील काही चित्रे आणि राहणाऱ्याचे पानभर निवेदन लावावे, आणि त्यात येथे पूर्वी कोणता धंदा चालत असे हा एक रकाना असावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर कामाचा बोजा आधीच पुष्कळ आहे हे मी जाणतो, म्हणून आलेखन त्याने करावे असे मी म्हणत नाही; त्याने वर्दी पोचवावी.

नोंद नसल्याचा तोटा इतिहासकारालाच होतो असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला, जाड दगडमातीच्या भिंतींची आणि मातीच्या माळवदांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. भिंतींनी माणसे मारली म्हणून त्या बांधणीची दहशत बसली, हे समजण्यासारखे आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळूनही सागवानी खणांचे सांगाडे उभे राहिलेले तज्ज्ञांना आढळले. ते का टिकले, आणि शेतकऱ्याच्या घरात कडबा, औत, जनावर व माणूस यांच्या जागा कशा वाटलेल्या होत्या, याचे आलेख भूकंपापूर्वी कोणी गावोगाव करून ठेविले असते तर नव्या गावांच्या आखणाऱ्यांच्या हाती काही आधार असता. तो नव्हता, म्हणून कागदावर सुबक दिसणाऱ्या सरळ रस्त्यांची नगरे त्यांनी आखली, आणि शेतकऱ्यांनी आपला गोठा व आपली गंजी मागाहून जमेल तेथे बसविली. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी महानिबंधक अशोक मित्र यांच्या पुढाकाराने निवडक खेड्यांची आणि हस्तोद्योगांची सविस्तर पाहणी झाली होती व त्यातून स्वतंत्र पुस्तके निघाली. तो उपक्रम मोजक्या गावांपुरता राहिला. त्या गावांत पुन्हा जाऊन कोणती घरे उरली हे पाहणे हेही एखाद्या विद्यापीठाला शोभेल असे काम आहे.

मोजणार कोण, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर मला तितकेसे अवघड वाटत नाही. वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांतून जुन्या इमारतीची मोजणी व आलेखन हा अभ्यासाचाच भाग असतो. दरवर्षी विद्यार्थ्यांचे तांडे देवळांकडे आणि वाड्यांकडे जातात आणि त्याच त्या सभामंडपांचे नकाशे पुन्हा काढून आणतात. त्यांपैकी एका तुकडीला गुऱ्हाळाकडे वळवावे. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, म्हणजे काहील उतरताना माणसे कोठे उभी राहतात हे प्रत्यक्ष पाहून मोजता येईल. बंद पडलेल्या गुऱ्हाळाची मोजणी पावसाळ्यानंतर केली तरी चालते, फक्त चुलवाणात साप-विंचू नाहीत याची आधी खात्री करावी. आलेखाच्या तीन प्रती निघाव्यात: एक घराच्या मालकास, एक ग्रामपंचायतीस, एक जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयास. या व्याख्यानमालेच्या चालकांनी आपल्या ग्रंथालयातील एक कपाट त्यासाठी राखून ठेवण्याचे मान्य केले, तर या तालुक्यातील बंद पडलेल्या लोहारशाळांची यादी तयार करण्याचे काम पुढील महिन्यापासून हाती घेता येईल. ज्या श्रोत्यांच्या गावी अशी शाळा अजून उभी असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे गावाचे नाव लिहून द्यावे, आणि ती लवकरच पडणार असेल तर नावापुढे तसे लिहावे, म्हणजे तिचा क्रम वर घेता येईल.